कोपऱ्यात गेलेलं बटण: विंडोज ८ च्या स्टार्ट स्क्रीनचा प्रकरण अभ्यास

२४ ऑगस्ट १९९५ ला मायक्रोसॉफ्टची विंडोज ९५ आली, तेव्हापासून स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण होतं. पुढे त्याचा रंग बदलला, आकार गोल झाला, त्यावरची अक्षरं गेली. जागा मात्र हलली नाही. २६ ऑक्टोबर २०१२ ला बाजारात आलेल्या विंडोज ८ मध्ये ते बटणच काढून टाकलं. १७ ऑक्टोबर २०१३ ला, म्हणजे वर्ष पुरं व्हायच्या आत, ८.१ मध्ये ते परत बसवावं लागलं. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आली, तेव्हा बटणामागचा मेनूही परतला.

संगणकाचं रूप बदलणारे लोक वापरणाऱ्याचं काम सोपं करतात का, हे तपासायला याहून चांगलं प्रकरण मिळणं कठीण आहे. बदल मोठा होता, त्यामागची कारणं करणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवली होती, आणि दुरुस्त्या टप्प्याटप्प्याने झाल्या. त्यामुळे नेमकं काय चुकलं हे एकेक करून दाखवता येतं.

काय बदललं

संगणक चालू केला की डेस्कटॉपऐवजी पूर्ण स्क्रीनभर रंगीत चौकोनी टाइल्स दिसू लागल्या. ही स्टार्ट स्क्रीन. डेस्कटॉप ही तिच्यातलीच एक टाइल. नव्या पद्धतीची ॲप्स पूर्ण स्क्रीन व्यापायची. त्यांना वर पट्टी नाही, बंद करायची फुली नाही. जुने प्रोग्राम डेस्कटॉपवर पूर्वीसारखेच चालायचे. एकाच यंत्रात दोन घरं झाली, आणि एका घरातून दुसऱ्यात कधी ढकललं जाऊ याचा भरवसा नव्हता. इंटरनेट एक्सप्लोरर १० दोन होते, एक डेस्कटॉपचा आणि एक नव्या घरातला. सेटिंग्जही दोन ठिकाणी: काही ‘पीसी सेटिंग्ज’मध्ये, बाकी कंट्रोल पॅनेलमध्ये.

चार कोपऱ्यांत चार कामं लपवली होती. खाली डावीकडे स्टार्ट स्क्रीन, वर डावीकडे आधीचं ॲप, उजवीकडच्या दोन्ही कोपऱ्यांत ‘चार्म्स’ नावाची पाच चिन्हं: शोध, शेअर, स्टार्ट, उपकरणं, सेटिंग्ज. कोपऱ्यात कर्सर नेल्याशिवाय यातलं काहीच दिसत नसे. तिथे काही आहे याची खूणही स्क्रीनवर नव्हती.

नवं खातं उघडून पहिल्यांदा साइन इन करताना ‘माउस कुठल्याही कोपऱ्यात न्या’ असं सांगणारं छोटं चलचित्र दिसायचं. तेवढंच शिक्षण. ते पुन्हा बघायची सोय नव्हती. आपल्याकडे नवा संगणक बहुतेक वेळा दुकानदार किंवा कार्यालयातला हार्डवेअरवाला चालू करून, खातं तयार करून देतो. म्हणजे ज्याला ते चलचित्र बघायची गरज होती, त्याच्या हाती यंत्र येईपर्यंत ते होऊन गेलेलं असे.

एक काम जवळून

हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाचं रोजचं काम घेऊ: पुरवठादाराचं बिल पीडीएफमध्ये आलंय, त्यातले आकडे बघत बघत एक्सेलमध्ये भरायचे. विंडोज ७ वर पीडीएफची खिडकी डावीकडे, एक्सेल उजवीकडे. विंडोज की आणि डावा बाण, मग दुसऱ्या खिडकीत विंडोज की आणि उजवा बाण. काम सुरू.

विंडोज ८ वर तीच फाइल डेस्कटॉपवरच्या फोल्डरमधून डबल क्लिक केली की डेस्कटॉप नाहीसा होतो आणि ‘रीडर’ नावाचं ॲप पूर्ण स्क्रीनभर उघडतं. एक्सेल दिसत नाही. टास्कबार दिसत नाही. घड्याळही दिसत नाही. बंद करायला फुली शोधावी तर ती नाही; कर्सर अगदी वरच्या कडेला नेऊन, बटण दाबून धरून, ॲप खालच्या कडेपर्यंत ओढून न्यायचं, ही रीत. ऑल्ट आणि एफ४ चालायचं, पण ज्याला ते माहीत होतं त्यालाच.

दोन्ही शेजारी लावता येतात का? येतात, पण अटी आहेत. ‘स्नॅप’ची सोय चालायला स्क्रीन किमान १३६६ बाय ७६८ पिक्सेलची हवी. तेव्हा कार्यालयांत सर्रास दिसणारे १७ इंची चौकोनी मॉनिटर १२८० बाय १०२४ चे. त्यांच्यावर स्नॅप नाहीच. जिथे चालतं तिथेही दोनच वाटण्या: एक ॲप ३२० पिक्सेलच्या पट्टीत, दुसरं उरलेल्या जागेत. ३२० पिक्सेलमध्ये ए४ आकाराचं बिल वाचून बघा. रकमांचा स्तंभ दिसेपर्यंत मोठं करावं तर मालाचं नाव कडेबाहेर जातं. त्या काळच्या लहान नेटबुकवर, म्हणजे १०२४ बाय ६०० च्या स्क्रीनवर, नवी ॲप्स उघडायचीच नाहीत, कारण त्यांना किमान १०२४ बाय ७६८ लागायचं.

उपाय होता. डेस्कटॉपवर चालणारा एखादा पीडीएफ वाचक बसवायचा, फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’, मग ‘चूज डीफॉल्ट प्रोग्राम’, आणि तो निवडायचा. फोटो, गाणी, व्हिडिओ यांच्यासाठीही तेच, कारण तेही नव्या घरात उघडायचे. जाणकाराला हे दहा मिनिटांचं काम. पण ते न करता यंत्र टेबलावर ठेवलं, तर कारकून दिवसभर दोन घरांमध्ये ये-जा करत बसणार आणि आकडा लक्षात ठेवून भरताना चुकणार. सात आकडी रक्कम डोळ्यांसमोर ठेवून उतरवणं वेगळं आणि स्क्रीन बदलून आठवणीने उतरवणं वेगळं. इंटरफेसच्या चुकीची किंमत बहुधा अशा ठिकाणी चुकती होते, आणि ती चूक यंत्राच्या नावावर कधीच मांडली जात नाही, कारकुनाच्या नावावर मांडली जाते.

बंद कुठून करायचं

विंडोज ७ मध्ये संगणक बंद करायला दोन क्लिक लागत: स्टार्ट, मग शट डाउन. विंडोज ८ मध्ये कर्सर उजव्या कोपऱ्यात न्यायचा, फिकट चिन्हं दिसली की कडेला चिकटूनच सरळ वर किंवा खाली न्यायचा, सेटिंग्जवर क्लिक, पॉवरवर क्लिक, शट डाउनवर क्लिक. क्लिक तीनच, पण खरी अडचण पहिल्या हालचालीत होती. कोपऱ्यातून तिरपं गेलं की चिन्हं नाहीशी. हात स्वभावतः तिरपाच जातो, कारण हवं ते चिन्ह कडेच्या मध्यावर दिसत असतं. विंडोज की आणि आय दाबलं तर थेट सेटिंग्जची पट्टी उघडते आणि हा खेळ वाचतो. कीबोर्डच्या युक्त्या सगळ्याच होत्या: विंडोज की आणि एक्सने डिव्हाइस मॅनेजर, कमांड प्रॉम्प्ट, कंट्रोल पॅनेल यांची यादी उघडायची, आणि ती खरोखर उपयोगी निघाली, आजही आहे. पण ‘पाठ केलं तर सोपं आहे’ हा इंटरफेसचा बचाव होऊ शकत नाही. स्क्रीनवर चित्रं आणली ती पाठांतर वाचावं म्हणूनच.

कोपऱ्याच्या बाजूने एक शास्त्रीय मुद्दा मांडला जायचा, तो खोटा नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितकं लांब आणि जितकं अरुंद, तितका हात पोचायला वेळ लागतो. अडचणीचं माप म्हणजे अंतराच्या दुपटीला रुंदीने भागून येणाऱ्या संख्येचा दोन पायाचा लॉगरिदम. स्क्रीनच्या कोपऱ्यात कर्सर अडतो, पुढे जाऊच शकत नाही, म्हणून कोपरा हे जणू अमर्याद रुंदीचं लक्ष्य. हात झोकून दिला तरी बरोबर बसतो.

पण यात एक गृहीत आहे: कोपऱ्यात कर्सर अडला पाहिजे. दोन मॉनिटर शेजारी असतील तर मधल्या कडेला तो अडत नाही, दुसऱ्या स्क्रीनवर निघून जातो. तिथे अडवणूक म्हणून काही पिक्सेलची खुंटी ठेवली होती. रिमोट डेस्कटॉप (दूरचा संगणक) किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा दुसरा संगणक) खिडकीत उघडलं असेल तर खुंटीही नाही. विंडोज सर्व्हर २०१२ ला हीच स्टार्ट स्क्रीन दिली होती, आणि सर्व्हर तर बहुतेक वेळा दुसऱ्या यंत्रावरून, खिडकीतूनच चालवला जातो. गणित करून बघू. हजार पिक्सेल अंतरावरचं ५० पिक्सेल रुंद बटण: २००० भागिले ५० म्हणजे ४०, माप सुमारे ५.३. तेवढ्याच अंतरावरचा, कर्सर अडत नाही असा सहा पिक्सेलचा कोपरा: २००० भागिले ६ म्हणजे सुमारे ३३३, माप ८.४. जे सगळ्यात सोपं लक्ष्य असायला हवं होतं, ते साध्या बटणापेक्षा दीडपटीहून अवघड झालं. सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांनी त्या कोपऱ्यावर जो राग काढला, त्याच्या मुळाशी हे गणित होतं.

शोधाचं थोडक्यात. स्टार्ट स्क्रीनवर सरळ टाइप करायला लागलं की शोध सुरू व्हायचा, पण शोधाचा चौकोन दिसत नसल्याने ते कळायला मार्ग नव्हता. शिवाय निकाल ॲप्स, सेटिंग्ज आणि फाइल्स अशा तीन कप्प्यांत, आणि आधी ॲप्सचा कप्पा. सेटिंग्जमधली एखादी गोष्ट शोधली की ‘काही सापडलं नाही’ असं दिसायचं. ती शेजारच्या कप्प्यात बसलेली असायची. विंडोज ७ मध्ये हे सगळं एका यादीत येत होतं. ८.१ मध्ये पुन्हा एका यादीत आणलं.

आकडे खरे होते, अर्थ चुकला

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग इथे आहे. स्टार्ट मेनू काढण्याचा निर्णय लहरीने घेतलेला नव्हता. विंडोजचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की यांच्या गटाने वापराची मोजदाद केली होती, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये ती जाहीरही केली: विस्टा या आधीच्या विंडोजपासून विंडोज ७ पर्यंत स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटला होता. लोक टास्कबारवर चिन्हं लावून तिथूनच प्रोग्राम उघडत होते. मग मेनू हवा कशाला?

घट का झाली ते बघा. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ने टास्कबारवर प्रोग्राम कायमचे लावायची सोय दिली. रोजचे चार-पाच प्रोग्राम तिथे गेले. मेनूत मागे उरलं ते कधीमधी लागणारं: कंट्रोल पॅनेल, प्रिंटर, महिन्यातून एकदा उघडायचा कर विवरणाचा प्रोग्राम, संगणक बंद करणं. ही कामं मोजणीत थोडी भरतात. पण नेमकी हीच कामं हाताला सवयीची नसतात, म्हणून त्यांनाच न हलणारी, डोळ्यांना दिसणारी जागा लागते. रोज लागणारा मिठाचा डबा अंधारातही सापडतो. वर्षातून एकदा लागणारा पुरणयंत्राचा दांडा ठरल्या फळीवर नसेल तर घर पालथं घालावं लागतं. किती वेळा वापरलं हे मोजून किती गरजेचं आहे हे ठरवलं, तिथे गाडी रुळावरून घसरली.

मोजणीला आणखी एक मर्यादा होती. ही माहिती ऐच्छिक कार्यक्रमातून यायची. ज्याने होकार दिला त्याच्याच यंत्रातून. कार्यालयांमध्ये असे कार्यक्रम अनेकदा धोरण म्हणून बंदच ठेवतात. दिवसभर संगणकावर बसणारा माणूस त्या मोजणीत कमी पडण्याची शक्यता उघड होती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये युझेबिलिटीचे, म्हणजे वापरसुलभतेचे, अभ्यासक याकोब नील्सन यांनी १२ अनुभवी वापरकर्त्यांना विंडोज ८ वर कामं करायला लावून निरीक्षणं मांडली. दोन घरांची ओढाताण, एकाहून जास्त खिडक्या न उघडणं, सपाट चित्रांमुळे बटण कुठलं आणि सजावट कुठली हे न कळणं, लपलेले चार्म्स. बारा माणसं म्हणजे लहान संख्या असं कुणी म्हणेल, पण अशा तपासणीत पाच-सहा माणसं एकाच ठिकाणी अडखळली की दोष सिद्ध होतो. लाखो यंत्रांच्या मोजणीतून अडखळणं दिसत नाही, कारण अडखळलेला माणूस क्लिक करत नाही. तो थांबून बघत बसतो.

कोणाचा प्रश्न सुटत होता

३ एप्रिल २०१० ला आयपॅड विक्रीला आला. बोटाने चालणाऱ्या टॅबलेटांत मायक्रोसॉफ्टकडे त्याच्या तोडीचं काही नव्हतं. विंडोज ८ ज्या दिवशी बाजारात आली त्याच दिवशी कंपनीचा स्वतःचा सरफेस आरटी हा टॅबलेटही आला. नवी ॲप्स कंपनीच्या दुकानातूनच मिळणार होती आणि विक्रीतले ३० टक्के कंपनीचे होते (ॲपची कमाई २५ हजार डॉलरच्या पुढे गेली की २० टक्के). टॅबलेटवर बोटाने कडेवरून आत ओढायला हा इंटरफेस खरोखर छान होता, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. चूक ही की तोच इंटरफेस माउस आणि कीबोर्ड असलेल्या कोट्यवधी यंत्रांवर लादला, आणि जुन्याकडे परतायची वाट मुद्दाम बंद केली. सप्टेंबर २०११ च्या पहिल्या चाचणी आवृत्तीत रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातली, एक नोंद बदलली की जुना मेनू परत यायचा. पुढच्या आवृत्त्यांत ती वाट बुजवली. मग लोकांनी क्लासिक शेल आणि स्टार्ट८ सारखे बाहेरचे प्रोग्राम बसवून मेनू परत आणला.

सिनॉफ्स्की यांनी नोव्हेंबर २०१२ मध्येच कंपनी सोडली. जुलै २०१३ मध्ये न खपलेल्या सरफेस आरटीपोटी कंपनीने ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवला.

दुरुस्त्यांचा क्रम

८.१ ने बटण दिलं, पण ते दाबल्यावर उघडायची पुन्हा स्टार्ट स्क्रीनच. त्याबरोबर थेट डेस्कटॉपवर सुरू होण्याचा पर्याय दिला. ८ एप्रिल २०१४ च्या अपडेटने नव्या ॲप्सना वरची पट्टी आणि फुली दिली, स्टार्ट स्क्रीनवर पॉवरचं बटण ठेवलं, आणि स्पर्श नसलेली यंत्रं आपोआप डेस्कटॉपवर उघडू लागली. योगायोग असा की त्याच दिवशी विंडोज एक्सपीचा आधार (सपोर्ट), म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या, संपला. एक्सपीवरून निघालेल्या कार्यालयांनी ८ ओलांडून ७ वर मुक्काम केला, तर त्यात नवल नव्हतं: एमएस-सीआयटीच्या वर्गात ‘स्टार्टवर क्लिक करा’ या पायरीने संगणक शिकलेल्या माणसाला ७ मध्ये पहिली पायरी जागेवर सापडत होती.

विंडोज ८ मधलं सगळंच टाकाऊ नव्हतं. फाइल कॉपी करताना मध्येच थांबवायची सोय, नवा टास्क मॅनेजर, भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेस, देवनागरीसाठी निर्मला हा नवा फाँट: हे टिकलं, कारण यातल्या कशानेही आधीची वाट बंद केली नाही.

आज यंत्रं बदलताना

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि कार्यालयं विंडोज ११ वर चालली आहेत, म्हणून हे प्रकरण जुनं म्हणून सोडता येत नाही. सगळी यंत्रं एकदम बदलू नका. एक यंत्र तयार करा, रोज काम करणारी पाच माणसं एकेक करून बसवा आणि त्यांच्याच कामातली सहा-सात कामं द्या. त्यात दोन रोजची, बाकी महिन्यातून एकदा येणारी: दुसरा प्रिंटर निवडणं, पेन ड्राइव्ह सुरक्षित काढणं, मराठी कीबोर्ड चालू करणं, दोन फाइल्स शेजारी लावणं. शेजारी बसून घड्याळ लावा, पण बोलू नका. वेळेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे हात कुठे थांबतो आणि डोळे कुठे शोधतात ते लिहा. तीन माणसं एकाच ठिकाणी थांबली तर ती जागा सेटिंगने बदलता येते का ते आधी बघा. प्रशिक्षण नंतर.

विंडोज ११ मध्ये अशा दोन-तीन जागा हमखास निघतात. स्टार्ट मध्यभागी आहे आणि जितके प्रोग्राम उघडाल तितकं ते डावीकडे सरकतं, म्हणजे कोपऱ्याचा फायदाही नाही आणि जागाही ठरलेली नाही. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स इथे जाऊन ‘अलाइनमेंट’ डावीकडे करा. तिथेच एका प्रोग्रामच्या अनेक खिडक्यांची बटणं एकत्र न करण्याचा पर्याय आहे. २०२१ च्या पहिल्या आवृत्तीत तो काढला होता, २०२३ च्या २३एच२ आवृत्तीत परत आला. राइट क्लिकचा मेनू आखूड केलाय आणि जुने पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’मागे गेलेत, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की पूर्ण मेनू थेट उघडतो.

त्याच आखूड मेनूत कट, कॉपी, पेस्ट, नाव बदलणं, शेअर आणि डिलीट ही कामं नुसत्या चित्रांत बसवली होती, शब्दांशिवाय. कात्री ओळखू येते. नाव बदलायचं चित्र मात्र बघून कळत नाही, आणि अंदाजाने क्लिक करावं तर रांगेत डिलीटचं चित्रही आहे. २०२४ च्या २४एच२ मध्ये त्या चित्रांखाली शब्द आले.